पास्कल अंकल आणि सातव्या मजल्यावरची वेळ

आमच्या बिल्डिंगमध्ये "आज फार उकडतंय" असं मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. म्हटलं रे म्हटलं की तळमजल्यावरच्या गाळ्यातून आवाज यायचा, "मोजलं का?"

"हल्ली पाणी कमी येतं." "मोजलं का?" "माझी कंबर कालपेक्षा जास्त दुखतेय." "मोजलं का?" एकदा तर मी सुधीरवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, जिन्यातच भडकले होते, "शंभरदा सांगितलं तुला!" तर गाळ्यातून तोच प्रश्न. मला असा राग आला! पण सुधीर खो खो हसत सुटला आणि भांडणच बारगळलं.

हे पास्कल अंकल. गोखिवऱ्यातल्या आमच्या सात मजली बिल्डिंगच्या तळाला त्यांचा पंप आणि मोटर दुरुस्तीचा गाळा, आणि गाळ्याच्या मागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड. मूळचे वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचे, कोळी ख्रिश्चन घरातले. वडिलांच्या बोटीचं इंजिन खोलता खोलता हात बसला, पण बोट लागायची. म्हणजे भर समुद्रात ओकाऱ्या. कोळ्याच्या पोराला बोट लागते ही गोष्ट घरच्यांनी फार मनाला लावून घेतली, म्हणून हे इकडे स्टेशनच्या पूर्वेला आले. गोखिवऱ्यात छोटे कारखाने पुष्कळ, रोज कुणाची तरी मोटर जळणारच. पोट भरत होतं.

बुटकी मूर्ती, खाकी हाफ पँट, कानावर पेन्सिल, आणि खिशात एक वही, जिला ग्रीसचे इतके डाग की मूळ रंग कुणी सांगू शकलं नसतं. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे दुसऱ्याचं चुकलं की माझी जीभ गप्प बसत नाही. इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "अंकल, ‘पानी’ नव्हे, ‘पाणी’."

"वैनी," ते शांतपणे म्हणाले, "सातव्या माळ्यावर चढवायचं का नाय तुमचं पानी?"

त्यानंतर मी कधी चूक काढली नाही.

आता या माणसाला भौतिकशास्त्राचा नाद कुठून लागला? तर मुलीमुळे. मर्लिन त्यांची एकुलती एक. हुशार पोरगी, पुण्याला फिजिक्समध्ये पीएचडी करत होती. अंकलची बायको होती तोवर घरात बोलायचं खातं तिच्याकडे. आई आणि मुलगी फोनवर तास तास हसायच्या, आणि अंकल बाजूला बसून मोटरला तार गुंडाळायचे. मग बायको गेली, आणि फोन अंकलच्या हातात आला. त्यांचा फोन असा: "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो. ठेवू?" "ठेवा." झालं. मी एकदा तिथे बसलेली असतानाच असा फोन झाला. ठेवल्यावर ते फोनकडे बघून म्हणाले, "बारा सेकंद. मागच्या आठवड्यात चौदा होते." हसावं की रडावं मला कळेना. तेही मोजत होता हा माणूस!

एकदा धीर करून त्यांनी मर्लिनला विचारलं होतं, की तू तिकडे नक्की करतेस काय. ती घाईत होती. "डॅडी, ते तुम्हाला नाही कळणार," म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या मनात काही नव्हतं हो. पण अंकल दुसऱ्याच दिवशी वसईच्या वाचनालयात गेले आणि शाळेची सहावीपासूनची विज्ञानाची पुस्तकं मागितली. सहावीपासून! पाया कच्चा राहायला नको म्हणे.

मग काय, बिल्डिंगचं जगणं मुश्कील झालं. दाबाच्या मापाला पास्कल म्हणतात हे समजल्यावर तर विचारूच नका. पाण्याचं प्रेशर कमी आहे अशी तक्रार कुणी केली की म्हणायचे, "प्रेशरला नाव कोनाचं? मग मला शिकवू नका." पावसाळ्यात बिल्डिंगची सहल चिंचोटीच्या धबधब्याला गेली. बाकीचे भिजत होते, भजी खात होते, आणि अंकल तापाचा थर्मामीटर घेऊन एकदा वरचं पाणी आणि एकदा खालचं पाणी तपासत होते. वरून पडलेलं पाणी खाली आपटून थोडं गरम व्हायला हवं, असं त्यांनी वाचलं होतं. तो थर्मामीटर माणसाच्या अंगाचा, त्याचा पारा गार पाण्यात कशाला हलतोय! "काय निघालं?" मी विचारलं. "पान्याला ताप नाय," म्हणाले, आणि तसंच वहीत लिहिलं.

पण खरी कमाल लिफ्टची. लिफ्ट वर निघताना माणसाचं वजन क्षणभर वाढतं आणि खाली निघताना कमी होतं, हे त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गोल तबकडीचा जुना वजनकाटा ठेवलेला, आणि त्यावर आमचे सोसायटीचे चेअरमन सामंत उभे. सामंतच का? "मोठं वजन घेतलं की फरक नीट दिसतो." सामंतांना हे त्यांनी तोंडावर सांगितलं. लिफ्ट खाली सुटली, काटा हलला आणि अंकल ओरडले, "चार किलो गेले!" त्या दिवसापासून सामंत सकाळ-दुपार त्या काट्यावर उभे राहून वरखाली करत होते. चौथ्या दिवशी सामंतकाकूंनी काटा उचलून गाळ्यात आणून आपटला. "यांनी जेवणात पुन्हा तूप सुरू केलंय! म्हणतात, लिफ्टने उतरतो की!"

अंकलनी वहीत लिहिलं: प्रयोग यशस्वी, माणूस बिघडला.

फोन मात्र लांबत चालले होते. आता "जेवलीस?" नंतर "एक विचारू?" यायचं. चंद्र खाडीचं पाणी ओढतो, तर बादलीतलं का नाही ओढत? खाली पडणाऱ्या माणसाला वजन नसतं, तर मग त्याला लागतं कसं? मर्लिन आधी वैतागायची, मग हळूहळू थांबून सांगायला लागली. पण सांगायची ती लहान मुलाला सांगावं तसं. अंकलना ते कळत होतं. एकदा मला म्हणाले, "वैनी, ती शिकवते मला. बोलत नाय माझ्याशी." शाळेत रोज इतके आईबाप बघते मी, पण असं नेमकं दुखणं कुणी माझ्याजवळ बोललेलं आठवत नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये एका रविवारी, चर्चमधून येताना, अंकल आमच्याकडे नवं कोरं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. "तुमचं जुनं टकटक करतं. हे लावा. सेल बघायला मी दर रविवारी येत जाईन."

मी म्हटलं, काय सज्जन माणूस! खिळासुद्धा त्यांनीच ठोकला.

आता इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि वसई-विरारमधल्या बायकांनी उगाच साळसूद चेहरा करू नये, कारण तुमच्याही घरात हेच चालतं. आपल्याकडे घड्याळ खऱ्या वेळेवर कोण ठेवतं? सकाळची गाडी चुकू नये म्हणून ते दहा मिनिटं पुढे असतं. पण त्यात एक गोम आहे. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे नवऱ्याला माहीत असलं, की तो दाढी करता करता मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि आरामात उठतो. म्हणजे सगळं मुसळ केरात! तेव्हा घड्याळ पुढे करायचं ते गुपचूप, आणि एकदम नाही, त्याला कळणार नाही असं. दर शनिवारी, सुधीर भाजी आणायला गेला की, मी स्टुलावर चढून काटा एक मिनिट पुढे ढकलायची. फक्त एक.

उपाय रामबाण निघाला. सुधीर, ज्याची गाडी आठवड्यातून तीनदा चुकायची, तो वेळेआधी स्टेशनवर पोचायला लागला. वर मलाच सांगतो कसा, "हल्ली योगासनांमुळे माझा स्पीड वाढलाय." मी म्हटलं, वाढला असेल बाबा.

अंकल दर रविवारी साडेनऊला यायचे. घड्याळाखाली उभे राहायचे, मोबाईल काढून त्याच्याशी ताडून बघायचे, "हूं" म्हणायचे, वहीत काहीतरी लिहायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मला वाटायचं, एकटा माणूस, चहाच्या निमित्ताने येतो. ऑगस्टमध्ये एकदा ते घड्याळ काढून त्यांनी आपल्या गाळ्यातलं तसंच घड्याळ वर आणून लावलं, आणि वरचं खाली नेलं. "का हो?" "असंच. सर्व्हिसिंग." नवं घड्याळ खऱ्या वेळेवर होतं. माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात! मी पुन्हा शनिवारपासून श्रीगणेशा केला.

डिसेंबर आला. नाताळच्या आधीच्या रविवारी अंकल आले ते हातात एक मोठी गुंडाळी घेऊन. चेहरा असा फुललेला, की बायको गेल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता. चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी आलेख काढला होता. टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर माझ्या वाट्या ठेवल्या.

"वैनी, सुधीरभाऊ, माफी मागतो. तुमच्यापासून एक लपवलं. पन तुम्हाला सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता."

मग त्यांनी सांगितलं. मर्लिन एकदा फोनवर म्हणाली होती, की जमिनीपासून उंच गेलं की गुरुत्वाकर्षण कमी होतं आणि तिथे वेळ जराशी भरभर जाते. जराशी म्हणजे किती, ते अंकलनी विचारलं नाही. ते स्वतः मोजणार होते. एक घड्याळ तळमजल्यावर, तसंच दुसरं सातव्या मजल्यावर. आणि सहा महिन्यांत काय निघालं? खालचं जागच्या जागी. वरचं दर आठवड्याला बरोबर एक मिनिट पुढे!

"मला वाटलं, घड्याळातच खोट असेल. म्हनून ऑगस्टमध्ये अदलाबदल केली. तरी वरचंच पुढे! म्हनजे घड्याळ खोटं नाय, वैनी, माळा खरा!"

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो तसाच राहिला. सुधीरने आलेखाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग अगदी सावकाश माझ्याकडे पाहिलं. सहा महिन्यांचा त्याचा स्पीड त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसत होता.

"मंगळवारी मर्लिन येते," अंकल म्हणाले. "इथेच दाखवीन तिला, घड्याळासमोर. तिला अजून काय सांगितलं नाय. या एका गोष्टीत तरी ती माझ्याशी बरोबरीने बोलेल."

मी चहा केला. त्यात मीठ घातलं. ते प्यायलेसुद्धा.

अंकल गेल्यावर सुधीर म्हणाला, "सांगून टाक." मी म्हटलं, "तूच सांग." "घड्याळ कोण ढकलत होतं?" "आणि कोणासाठी ढकलत होते?" असं दोन दिवस चाललं. सोमवारी संध्याकाळी मी मनाचा हिय्या करून गाळ्यात गेले. अंकल त्या आलेखाला इस्त्री करत होते. वर पांढरं फडकं ठेवून, हळूहळू, सुरकुत्या काढत. बाजूला नवा शर्ट टांगलेला.

"अंकल," मी म्हटलं.

"काय वैनी?"

"काही नाही. शर्ट छान आहे."

परत लिफ्टमध्ये शिरले आणि स्वतःला अशा शिव्या घातल्या की बास.

मंगळवारी दुपारी बापलेक वर आले. मर्लिन उंच, चष्मा लावलेली, गालावर अंकलसारखीच खळी. मी केलेल्या चकल्या आणि अंकलनी आणलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, मध्ये ठेवल्या होत्या, पण कुणी हात लावला नाही. अंकल उभे राहिले आणि शाळेत पाठ म्हणावा तसं त्यांनी सगळं सांगितलं.

मर्लिन ऐकत होती. पहिल्या दोन वाक्यांत तिला कळलं असणार की हे अशक्य आहे; मला तिच्या डोळ्यांत ते दिसलं. आता ती हसणार, नाहीतर "वा डॅडी" म्हणून पाठ थोपटणार. यातलं काहीही झालं असतं तरी त्या माणसाचं काही खरं नव्हतं. मी पदराचं टोक पिळत बसले होते.

पण ती ना हसली ना तिने पाठ थोपटली. तिने चष्मा वर सरकवला, आलेखावर वाकली आणि म्हणाली, "रीडिंग कोण घ्यायचं?"

"मीच. दर रविवारी साडेनऊ."

"कशाशी कंपेअर करून?"

"मोबाईलशी. दोन्ही घड्याळं एकाच मोबाईलशी."

"स्वॅप केल्यावर दोन्ही पुन्हा सेट केली?"

"केली ना. ही बघ, दुसरी रेघ शून्यापासून."

"गुड." मग तिचं बोट एका जागी थांबलं. "डॅडी, इथे काय झालं? ऑक्टोबरमध्ये. दोन आठवडे रेघ आडवी आहे."

अंकल अवघडले. तिथे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. "ते मला नाय कळलं. खूप विचार केला. मला वाटलं अमावस्या असेल. पन प्रत्येक अमावस्येला होत नाय. ते लपवलं नाय मी, तसंच ठेवलं."

"बरं केलंत. अशीच जागा महत्त्वाची असते," मर्लिन म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आंटी, ऑक्टोबरच्या त्या दोन आठवड्यांत या घरात काही वेगळं होतं का?"

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी चिपळूणला होते. सुधीर इथे एकटा.

"मी नव्हते," मी म्हटलं, आणि मग जे सुटलं ते सुटलंच. शनिवार, स्टूल, काटा, एक मिनिट, सुधीरची गाडी, सगळं. रडले पण. "अंकल, मला खरंच माहीत नव्हतं हो! मी आपली सवयीने. माहीत असतं तर हात तोडून घेतला असता पण घड्याळाला लावला नसता!"

पास्कल अंकल खुर्चीवर बसले. त्यांनी आलेखाकडे पाहिलं. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. नव्या शर्टात ते एकदम लहान दिसायला लागले.

मग हळूच म्हणाले, "वैनी, बरोबर एक मिनिट ढकलायचात?"

"हो."

"दर शनिवारी? ते दोन सोडून एकदा पन चुकवलं नाय?"

"नाही."

"म्हनजे माझी रेघ बरोबर आहे."

मर्लिन त्यांच्यासमोर चक्क जमिनीवर बसली. "डॅडी, रेघ शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या मापात काहीच चूक नाही. फक्त तुम्ही गुरुत्व नाही मोजलंत, तुम्ही आंटीला मोजलंत."

सगळ्यात आधी सुधीर हसला. मग अंकलना असं हसू फुटलं की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मीही रडता रडता हसत होते. काय मेली वेळ आली होती माझ्यावर!

हसणं ओसरल्यावर अंकलनी विचारलं, "पन मग खरं किती? सात माळ्यांचा?"

मर्लिनने त्यांच्याच कानावरची पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यात गणित केलं. "वरचं घड्याळ एक सेकंद पुढे जायला साधारण दीड कोटी वर्षं लागतील."

अंकल विचारात पडले. "पन जाईल ना?"

"जाईल की."

"नक्की?"

"नक्की, डॅडी."

"मग माझं चुकलं काय?" ते म्हणाले. "मी थोडा लवकर आलो मोजायला."

मर्लिन त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॅडी, हा ग्राफ घेऊन माझ्याबरोबर पुण्याला चला. आमच्या लॅबमध्ये मी एक घड्याळ बनवायला मदत करतेय. त्याच्यात पण अशीच एक आडवी रेघ येतेय. चार महिने झाले, कुणालाच सापडत नाहीये. तुम्ही बघा जरा."

"मला काय कळनार त्यातलं?"

"मला तरी कुठे कळतंय!" ती म्हणाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते निघाले. जाताना गाळ्याची किल्ली सामंतांकडे दिली, आठवड्यात येतो म्हणाले, आणि आठवड्याचे दोन महिने झाले. परत आले ते गाळा सोडायलाच, मी शाळेत असताना. आता पाचूबंदरच्या घरी असतात आणि निम्मा वेळ पुण्याला. गाळ्यात केकचं दुकान आलंय. गोखिवऱ्याहून पाचूबंदर काही फार लांब नाही, पण पूर्वेचा माणूस पश्चिमेला जातो म्हणजे त्याला तसंच मोठं कारण लागतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत माझं राहिलंच आहे, आणि त्याची मला मनापासून लाज वाटते.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, सातव्या मजल्याच्या गॅलरीतून. खाली गेटाशी बापलेक रिक्षाची वाट बघत उभे होते. अंकलच्या अंगात चक्क फुल पँट, काखेत आलेखाची गुंडाळी. मी दिलेला डबा ते गेटाच्या कठड्यावर विसरत होते, म्हणून मी जोरात हाक मारली, "अंकल! डबा!" माझा आवाज बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध आहे. चौथ्या मजल्यावरच्या सामंतकाकू बाहेर आल्या, वॉचमन उठून उभा राहिला. त्या दोघांना मात्र पत्ताच नव्हता. मर्लिन दोन्ही हातांनी हवेत काहीतरी काढून दाखवत होती, अंकल मान हलवून "नाय, नाय" म्हणत होते, मग ते काढून दाखवत होते आणि ती "नाही, नाही" म्हणत होती. एक रिक्षा आली, थांबली, कंटाळून निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. ते दोघं बोलतच होते.